अक्काचा बाळंतविडा

तुमी लिहून घेणार म्हणता तर मुळापासून सांगते, पण मधी मी अडखळले तर थांबायचं, माझं वाक्य तुमी पुरं करायचं न्हाई, ते मला आवडत न्हाई. लहानपणापासून जीभ अडते माझी, ऐंशीच्या वर वय झालं तरी अडतेच. आमी शिंपी. आमचे मूळपुरुष कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर तंबू शिवायला इकडं आले असं आजोबा सांगायचे, फौज गेली परत, तंबू शिवणारे राहिले इथंच बेंगळूरात, तेला तीनशे वर्षं झाली म्हणतात. गाव कुठलं ते कुणाला ठाऊक न्हाई. घरात मराठी बोलायचं, दुकानात कन्नड, आणि भांडायचं झालं तर जी तोंडाला येईल ती. मी रखमा. इथं सगळे रखमक्का म्हणतात.

चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं पुढं दुकान आणि मागं घर होतं. दोन खोल्या, मधी पडदा, पडद्याच्या अलीकडं दोन शिलाई मशिनी. एक अण्णांची, एक अक्काची. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्यात वडलांना अण्णाच म्हणतात, आणि अक्का म्हणजे थोरली बहीण, सुमित्रा तिचं नाव, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा हात मशिनीवर असा चालायचा की गिऱ्हाईक कापड द्यायला येऊन बघतच उभं राहायचं. मी आपली काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. दुकानातली मोठी कात्री फक्त अण्णांची. उसवलेलं परत शिवता येतं पण कापलेलं परत येत न्हाई, म्हणून कात्री एकाच्याच हातात पाहिजे असं ते म्हणायचे, आणि आमी कुणी तिला शिवायचोसुद्धा न्हाई.

शाळेत मी सातवीला दोनदा बसले आणि सोडून दिली. म्हणजे मला येत नव्हतं असं न्हाई. मास्तरांनी विचारलं की उत्तर घशापर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं, आणि पोरी हसायच्या, आणि मग मला येत असलेलंही जायचं. घरात तसं नव्हतं. घरात मी प प प म्हटलं की अक्का म्हणायची पाणी पाहिजे होय, मी अ अ म्हटलं की ती अण्णांना हाक मारायची. तिच्यामुळं मला बोलायची गरजच पडली न्हाई. चांगलं केलं की वाईट केलं तिनं, काय सांगू तुम्हाला. आता तुम्हाला वाक्य पुरं करू देत न्हाई, पण तवा तिनं केलेलं मला गोड लागायचं.

मी चौदाची असताना अक्का गेली. पळून गेली असं लोक म्हणतात, पळाली न्हाई, सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, दारातनं चालत गेली. सेल्वराज नावाचा मुलगा, तमिळ, कारखान्यात फिटर, दंडूत राहायचा. दंडू म्हणजे तुमचं कँटोन्मेंट, आमी पेटेतले, म्हणजे जुन्या बाजारातले लोक तेला दंडूच म्हणायचो, तीन मैलांवर होतं पण दुसरा देश असल्यासारखं. तो शर्ट शिवायला आला, मग दुसरा शिवायला आला, मग तिसरा. एवढे शर्ट फिटरला कशाला लागतात हे अण्णांना कळलं न्हाई, आईला कळलं, पण ती बोलली न्हाई. दोघांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं. अण्णांना कळलं तसं ते हातातलं काम ठेवून उठले, न्हाणीत जाऊन डोक्यावरनं गार पाणी घेतलं, ओल्या अंगानं बाहेर आले आणि म्हणाले आजपासून मला एकच मुलगी. सुतकाची अंघोळ केली हो त्यांनी, जित्या लेकीची. मग अक्काच्या मशिनीवर झाकण घातलं, कुलूप लावलं आणि परत कामाला बसले.

दीड वर्ष तिचं नाव घरात निघालं न्हाई. आई जेवायची बंद झाली म्हणजे पानावर बसायची, भात चिवडायची, उठायची. तिचे हात थरथरायला लागले ते तवापासून. आणि माझं तर अर्धं बोलणं अक्काबरोबर गेलं. कुणी काही विचारलं तर मी मान हलवायची. गल्लीतल्या लोकांना वाटायला लागलं, ही मुकीच आहे.

मग एक दिवस चेन्नव्वा आली. चेन्नव्वा म्हणजे बांगड्या भरणारी, डोक्यावर पाटी घेऊन पेटेतही फिरायची आणि दंडूतही फिरायची, तिला सगळ्यांची खबर. अण्णा अस्तर आणायला बाजारात गेले होते ते बघून तिनं आईचा हात हातात घेतला आणि बांगडी चढवता चढवता हळूच सांगितलं, अम्मा, तुझ्या थोरलीला सातवा लागलाय, मी परवाच हिरव्या बांगड्या भरून आले. आईनं हात काढून घेतला न्हाई, नुसती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, तिचा बाळंतविडा कोण नेणार गं.

बाळंतविडा आता लोकांना माहीत न्हाई. लेकीला मूल झालं की बारशाला माहेरनं सगळं न्यायचं, अंगडी, टोपडी, दुपटी, लाळेरी, झबली, आणि सगळ्यात वर कुंची. कुंची म्हणजे डोक्यावरनं पाठीवर सोडलेली असती ती, हनुवटीखाली बंद बांधायचे. आणि आमी तर शिंपी. दुसऱ्यांच्या नातवंडांचे बाळंतविडे आमच्या दुकानातनं जायचे, आणि आमच्या अक्काच्या लेकराला परक्याच्या हातचं अंगडं. ते माझ्या डोक्यात बसलं. मला कुणी सांगितलं न्हाई कर म्हणून. मीच ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं होतं, आणि तेच चुकलं बघा.

चुकलं ते असं, की आमच्यात पोटातल्या बाळाचं कापड शिवत न्हाईत. मूल जन्माला येऊ द्यायचं, आधी जुन्या धोतरात गुंडाळायचं, पाचवी पुजायची, आणि मग नव्या कापडाला कात्री लावायची. येणाऱ्याची वाट बघावी, माप घेऊ नये असं आजी म्हणायची. हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. पण मी हिशेब केला, पाचवीपासनं बारशापर्यंत सातच दिवस, माझा हात धीमा, अण्णा घरात, सात दिवसांत चोरून काय होणार. म्हणून मी सातव्या महिन्यातच सुरू केलं. देवाला सांगितलं, तू बघितलं न्हाईस असं समज.

दुपारी अण्णा जेवून तासभर पडायचे. तेवढ्या वेळात मी कात्री घ्यायची. पहिल्या दिवशी कात्री नुसती उचलली आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद कापला, तिसऱ्या दिवशीही कागदच, शेजारच्या घरातलं तीन महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन तेचा गळा, तेची बाही दोऱ्यानं मापली, आणि चौथ्या दिवशी उरलेल्या मलमलीला कात्री लावली. चर्र असा आवाज झाला आणि कापड सरळ कापलं गेलं, माझ्या हातनं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, आनंदानं आलं.

कुंचीला साटीनची पट्टी पाहिजे होती, दुकानात नव्हती. म्हणजे बाजारात जाऊन मागायला पाहिजे, बोलायला पाहिजे. मी तीन वेळा त्या दुकानासमोरनं गेले आणि आले. चौथ्यांदा पायरी चढले. दुकानदार म्हणाला एनु बेकम्मा, काय पाहिजे बाई. मी स स स करत उभी, मागं दोन गिऱ्हाईकं, आणि शेजारी पुरं करायला अक्का न्हाई.  पण म्हटलं पट्टी घेतल्याशिवाय उतरायचं न्हाई, आणि डोळे मिटून म्हटलं, साटीन पट्टी, गुलाबी, स्वल्प कोडि. थोडी द्या म्हटलं. तो सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि गज काढून मोजायला लागला. बस एवढंच झालं. पण त्या पायरीवरनं जी खाली आले ती मी वेगळी होते, तुम्हाला सांगून कळायचं न्हाई.

आईनं बघितलं. एका दुपारी पडदा सारून आली तर माझ्या मांडीवर अंगडं. मला वाटलं आता थोबाडीत बसते. तिनं थांबवायला पाहिजे होतं, ती मोठी, तिला सगळं माहीत. ती खाली बसली, अंगडं उचलून गालाला लावलं आणि म्हणाली, बाहीला घडी जास्त ठेव, वाढतं अंग असतं. तिलाही पाहिजे होतं हो ते. आमी दोघी मग रोज दुपारी बसायचो, ती थरथरत्या हातानं दुपट्याच्या कडा धरायची आणि मी शिवायची, आणि अक्काचं नाव आमी मोठ्यानं घ्यायला लागलो, एक तासापुरतं.

सगळं झालं, कुंची राहिली होती, तीही होत आली, आणि एक दिवस अण्णा झोपलेच न्हाईत. पडदा सारून उभे. माझ्या हातात कुंची. त्यांनी हात पुढं केला, मी दिली. उलटी करून बघितली, शिलाई बघितली, चुण्या बघितल्या, गळ्यात दोन बोटं घालून बघितली. मला वाटलं आता टराटरा फाडतात. ते म्हणाले, गळा अर्धा इंच कमी घेतलायस, बाळाला काचेल. एवढंच. कुणाचं बाळ विचारलं न्हाई. मशिनीपाशी बसले, पात्यानं गळ्याची शिलाई उसवली, आणि सुईदोरा घेऊन हातानं परत घातली. त्यांचा हातटाका वेगळाच होता, पाच टाके सरळ आणि सहावा उलटा, असा कुणी घालत न्हाई. अर्धा तास त्यांनी मान वर केली न्हाई. मग कुंची माझ्या मांडीवर ठेवली आणि गिऱ्हाइकाकडं गेले. आईनं पदर तोंडात कोंबला होता. म्हणजे बघा, नियम मी मोडला, आईनं मोडला आणि शेवटी अण्णांनीही मोडला. बारशाला जायचं की न्हाई हे कुणी बोललं न्हाई, पण दुसऱ्या दिवशी अक्काच्या मशिनीवरचं कुलूप निघालेलं होतं.

तेच्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं, सेल्वराज दारात आला. पायरी चढला न्हाई. दाढी वाढलेली, कारखान्याचे कपडे अंगावर. मोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, मुलगा झाला, काल, आणि रडला न्हाई. सुईणीनं खूप केलं पण नाळ गळ्याभोवती बसली होती. आता मातीत द्यायचं आहे. सुमित्रानं सांगितलंय, आमच्यात पहिलं कापड माहेरचं असतं, पहिलं तेच शेवटचं झालं तरी चालेल, अण्णांच्या हातचा एक तुकडा आण.

अण्णा मशीन चालवत होते. त्यांनी मान वर केली न्हाई, मशीन थांबवली न्हाई. मी बघितलं तर सुईखाली कापड नव्हतं, नुसती सुई वरखाली होत होती. सेल्वराज उभा. शेजारचा न्हावी बघायला लागला. किती वेळ गेला न्हाई माहीत, मला एवढंच कळत होतं की हा माणूस आता वळून जाईल, आणि गेला तर अक्का कायमची गेली. आई आत भिंतीला धरून उभी, तिच्यानं होणार नव्हतं. मी आत गेले, ट्रंक उघडली, गाठोडं काढलं आणि अण्णांसमोर उभी राहिले. म्हटलं, अ अ अण्णा, मी चालले. तुमी या न्हाईतर येऊ नका. क क कुंची तुमची पण आहे. एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. अडखळत बोलले, पण थांबले न्हाई. अण्णांनी चाकावर हात ठेवला, मशीन थांबली. उठून कोट घातला, टोपी घातली, आणि म्हणाले, जटका बोलवा.

जटका म्हणजे टांगा, तेच्यात आमी चौघं बसलो. दंडूत एका चाळीत त्यांची एक खोली. अण्णा बाहेर पायरीवरच बसले, आत आले न्हाईत. अक्का चटईवर, तोंड सुजलेलं, शेजारी बाळ, सेल्वराजच्या टॉवेलात गुंडाळलेलं. निजलेलंच वाटत होतं, खरंच सांगते. आई तिच्या गळ्यात पडली. मी गाठोडं सोडलं. अक्कानं एकेक उचललं, अंगडं, टोपडं, दुपटं, आणि मग कुंची. तिनं सवयीनं ती उलटी केली, आमी सगळे आधी उलटं करून बघतो, आणि गळ्यावरनं बोट फिरवलं. सहाव्या उलट्या टाक्यावर बोट थांबलं. परत फिरवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, हे कधी शिवलं.

आता बघा, मी खोटं सांगू शकले असते. काल शिवलं, कळल्यावर शिवलं. खरं सांगितलं तर ती म्हणणार, तू माझ्या पोराला खाल्लंस. चाळीतल्या बायका दारात होत्या. पण मी म्हटलं, द द दोन महिने शिवत होते अक्का. ती म्हणाली, आणि हा गळा. मी म्हटलं, तेला पंधरा दिवस झाले. तिच्या ओठांनी मोजल्यासारखं केलं. पंधरा दिवसांमागं बाळ तिच्या पोटात जितं होतं, लाथा मारत होतं. मेलेल्या पोराची दया येऊन शिवलेलं न्हाई ते, येणाऱ्या नातवासाठी शिवलेलं होतं. तिला ते कळलं. मी जे पाप म्हणून लपवलं होतं, तेच तिला पाहिजे होतं. म्हणाली, अण्णांना आत बोलव.

अण्णा आले. तिनं कुंची त्यांच्या हातात दिली. त्यांनी गुडघ्यावर बसून बाळाला अंगडं घातलं, कुंची घातली, हनुवटीखाली बंद बांधला, गळ्यात दोन बोटं घालून बघितली. मग तेच हात तोंडावर घेऊन रडले, पुरुषमाणूस असा रडलेला मी पहिल्यांदा बघितला. अक्का म्हणाली, अण्णा, गळा बरोबर झालाय. तिनं एवढंच म्हटलं. माफ कर कुणी म्हटलं न्हाई, कुणी कुणाचे पाय धरले न्हाईत. बाळ गेलं तसंच, आमच्या घरचे कपडे घालून.

घर जुळलं. पण सुख म्हणाल तर न्हाई. माझी काकू होती शेजारच्या गल्लीत, तिनं सगळ्यांदेखत म्हटलं, पोटातल्या पोराला कापड शिवल्यावर दुसरं काय होणार. आणि माझ्या डोक्यात ते घोळायला लागलं, की नाळ गळ्याला बसली, आणि मी गळा अर्धा इंच कमी घेतला होता. मी सुई हातात धरेना. चार महिने धरली न्हाई. कुणाला सांगितलंही न्हाई, मग एका दुपारी अण्णांनी विचारलं तवा सांगितलं, तोतरत तोतरत, सगळं. अण्णांनी ऐकून घेतलं, मधी बोलले न्हाईत. मग म्हणाले, आपल्या दुकानात नियम काय, कपड्याला शेवटचा हात ज्याचा, कपडा तेचा, गिऱ्हाइकाला तोंड तेनंच द्यायचं. तू घट्ट शिवलंस, मी उसवून सैल केलं. शेवटचा हात माझा. देवाला तोंड मी देईन, तू कात्री घे. आणि कात्री माझ्या हातात दिली. ते गेले एकोणीसशे साठनंतरच्या सालांत, तोवर आणि नंतरही चिक्कपेटेत पुरुषांचे कोट मी कापले. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग परत यायचं.

अक्का दर दिवाळीला यायची, दाजी शर्ट शिवायला यायचे. तिला पुढं मूल झालं न्हाई. माझं लग्न झाल्यावर झालेली तीन पोरं तिनंच वाढवली. दाजी गेल्यावर आमच्याकडंच राहिली, इथं जे. पी. नगरात, याच खोलीत, आणि चार वर्षं झाली तिला जाऊन. त्या दिवसाबद्दल आमी दोघी परत एकदाही बोललो न्हाई. तिच्या मनात माझ्याबद्दल काही होतं का, मला न्हाई ठाऊक. विचारायचं धाडस बाकी सगळं आलं तरी आलं न्हाई.

आता नातसून गरोदर आहे, आठवा चालू आहे. पोरगी गुणी आहे, कंपनीत जाते. तिनं बाळाचे कपडे आधीच मागवून ठेवलेत, कपाट भरलंय. मी काही बोलत न्हाई. परवा माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, आज्जी, एक कुंची तुमच्या हातची पाहिजे, पण तुमचा हात आता धीमा झालाय, बारशापर्यंत व्हायची न्हाई, आत्ताच सुरू करा. म्हटलं सरी, करते. कापड आणलंय तिनं, मऊ आहे, त्या उशीखाली ठेवलंय. रोज दुपारी काढते, हात फिरवते आणि घडी करून परत ठेवते. तिला वाटतं मला जमत न्हाई. वाटू दे. तुमी घरी जाताना देवळावरनं जाल तर तिच्यासाठी तेवढा नमस्कार करा, सुखानं मोकळी होऊ दे, बाळ एकदा मोठ्यानं रडू दे. मग मी बसते शिवायला.